पराग यांना घाई नाही

दुसऱ्याच्या काळजात काय चाललं आहे हे स्पर्शाशिवाय, शब्दांशिवाय आणि कोणाचीही परवानगी न घेता अचूक ओळखणारं पहिलं यंत्र ज्या दिवशी माणसाच्या घरात आलं, त्या दिवशी मानवी इतिहासाचं एक पान उलटलं, असं पुढे कुणीतरी लिहील. तसलं एक यंत्र नाशिकला इंदिरानगरात, खैरनारांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीच्या कपाटावर प्लास्टिकच्या फुलदाणीला टेकवून ठेवलं होतं, आणि त्याचा डाउनलोड स्पीड कमी येत होता.

यंत्राचं नाव ‘जिव्हाळा’. दिसायला साधा राउटर, पांढरा, चार शिंगांचा. कंपनीने जुना काढून नेला आणि बदल्यात हा दिला. स्पीड एक हजार मिळेल, असं खोक्यावर हसऱ्या कुटुंबाच्या डोक्यावर छापलं होतं. पराग खैरनारने तो स्वतःच बसवला. त्याच्याकडे मेकॅनिकलची पदवी होती आणि अंबडच्या एका कारखान्यात तो व्हॉल्व्ह तपासायच्या विभागाचा प्रमुख होता, त्यामुळे चार वायरी लावायला माणूस बोलावणं त्याला कमीपणाचं वाटलं.

त्याचे वडील, दादा, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, खुर्ची ओढून देखरेखीला बसले. आधी त्यांनी राउटरला हळदकुंकू लावलं. मग खोक्यातून एकेक वस्तू निघू लागली तसे म्हणाले, “नवी वायर कशाला फोडतो? जुनी चालतीय ना?”

“चालतेय.”

“मग राहू दे ती तशीच. लागेल कधी.”

त्या घरात टीव्हीचा रिमोट अजून कंपनीच्या पिशवीत होता आणि लग्नात आलेला डिनर सेट योग्य पाहुण्यांची वाट बघत कपाटात म्हातारा होत होता, त्यामुळे या बोलण्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. खोकं माळ्यावर गेलं, मिक्सरच्या, इस्त्रीच्या आणि आता घरात नसलेल्या दोन टीव्हींच्या खोक्यांशेजारी.

स्पीड चौऱ्याण्णव आला. सकाळी चौऱ्याण्णव, दुपारी चौऱ्याण्णव. परागच्या हातातल्या मोबाईलवर तर चार. त्याने कंपनीला फोन लावला. फोन माणसाने उचलण्याचे दिवस संपले होते. पलीकडे जान्हवी नावाचा एक समजूतदार आवाज होता.

“नमस्कार पराग सर. तुमचा त्रास मी समजू शकते.”

“मी अजून सांगितला नाही.”

“तरी.”

“हजार सांगितलेत, चौऱ्याण्णव येतोय.”

“राउटर बंद करून परत चालू केलात?”

“चारदा.”

“आरशाला किंवा माशांच्या टाकीला लागून तर नाही ना?”

“फुलदाणी आहे.”

“फुलदाणीत पाणी?”

“प्लास्टिकची फुलं आहेत हो.”

“वायर घट्ट बसली आहे का?”

“बसली आहे.”

“छान. मग आपण घरातल्या माणसांकडे वळू.”

“माणसांकडे?” परागने विचारलं.

“आमच्या पाहणीनुसार तक्रारीचं मूळ बहुधा तिथेच असतं. तुमच्या घरी तीन सदस्य आहेत. या घटकेला दादा यांना बावन्न दिले आहेत, सुवर्णा यांना अडतीस, आणि तुम्हाला चार.”

“मला चार का?”

“तुम्हाला घाई नाही, सर.”

“मला घाई आहे!”

“सर, तुमची नाडी अठ्ठावन्न आहे,” जान्हवी हळुवारपणे म्हणाली.

यातलं शास्त्र तसं सोपं आहे. अंगणात पाण्याची बादली ठेवली, त्यात ऊन पडलं, की ओसरीच्या छतावर उजेडाचा एक तुकडा उमटतो. बादलीला नुसतं बोट लागलं तरी वर तो तुकडा थरथरतो. बोट दिसलं नाही तरी थरथर दिसते. राउटरच्या लहरी घरभर अशाच पसरलेल्या असतात. त्या भिंतींवर आपटतात, कपाटांवर आपटतात आणि माणसांवरही आपटून परत येतात. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती थोडी पुढे येते, हृदयाचा ठोका पडतो तेव्हा कातडी केसभर हलते, आणि परतलेल्या लहरी तेवढ्याच थरथरतात. पूर्वी राउटर ही थरथर गोंगाट म्हणून टाकून द्यायचे. जिव्हाळ्याने ती वाचायला सुरुवात केली. कोणत्या खोलीत कोण आहे, कसा श्वास घेतोय, नाडी किती, हे त्याला बसल्या जागी कळे.

मग कंपनीतल्या कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं, की नेट अपुरं पडतं तेव्हा शांत माणूस वाट बघतो आणि अस्वस्थ माणूस तक्रार करतो. तेव्हा ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याला आधी द्यावं. सगळ्यांना पुरत असेल तर प्रश्नच नाही. टंचाई असेल तेव्हा मात्र रांग नाडीप्रमाणे. तक्रारी निम्म्याने घटल्या आणि या गोष्टीला माणुसकी असं नाव देण्यात आलं.

खैरनारांच्या घरात टंचाई होती. दादा जुन्या क्रिकेट मॅच बघत. अठरा वर्षांपूर्वीच्या मॅचचा निकाल त्यांना तोंडपाठ होता, तरी शेवटच्या षटकात त्यांची नाडी एकशे अठराला जाई आणि बॅट्समनच्या बुटाची नाडीसुद्धा पडद्यावर लख्ख दिसे. परागची बायको सुवर्णा घरातूनच एका विमा कंपनीच्या तक्रार विभागाचं काम करी. दिवसभर लोक तिच्यावर ओरडत, त्यामुळे तिचंही नेट उत्तम होतं. परागवर कुणी ओरडत नसे. तो डबा खाई, व्हॉल्व्ह तपासे, घरी येऊन पाय धुई. समाजात शांत माणसाला तशी आधीपासूनच किंमत नव्हती. जिव्हाळ्याने तिचा आकडा दिला.

“हे बंद करा,” पराग फोनवर जान्हवीला म्हणाला होता.

“नक्की, सर. सर्व प्रौढ सदस्यांच्या संमतीनंतर तीस दिवसांत.”

तीस दिवस त्याच्याकडे नव्हते.

त्याची मुलगी रुजुता केप टाउनला पोचली होती. पुढच्या सोमवारी तिचं जहाज अंटार्क्टिकाला निघणार होतं. तिथल्या एका संशोधन केंद्रात ती चौदा महिने राहणार होती, आणि तिथून आठवड्यातून एकदा चार ओळी लिहून पाठवता येत, बाकी काही नाही. राउटर बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने घन कॉल लावला. असा कॉल आला की पलीकडचं माणूस खोलीत पूर्ण उंचीचं उभं राहतं, खुर्चीवर बसतं, त्याची सावली पडते. आता सगळे तसेच बोलत. सपाट पडद्यावर फोन फक्त वसुलीवाले करत.

रुजुता आईशी बोलली, आजोबांशी बोलली, सगळं झकास. मग आतल्या खोलीत परागसमोर आली आणि म्हणाली, “पप्पा, तुम्हाला चालेल ना मी गेले तर?”

परागने उत्तर दिलं. ते चार स्पीडमध्ये मावलं नाही. रुजुताला बराच वेळ फक्त वडिलांचं कपाळ आणि अर्धी मिशी दिसत राहिली.

“मम्मी, पप्पा गोठलेत की गप्प बसलेत?” तिने नंतर विचारलं. हा प्रश्न तिला घरी राहत असतानाही पडत असे.

परागने मेसेज पाठवला, ‘हो. जा.’ त्यावर तिचं उत्तर आलं, ‘मम्मी, हे तू लिहिलंयस ना?’ तिचंही चूक नव्हतं. परागचे वाढदिवसाचे, परीक्षेचे, आजारपणाचे सगळे मेसेज आजवर सुवर्णाच लिहीत आली होती. मोबाईलला रेंज सोसायटीच्या गेटवर येई, पण गेटवर वॉचमन असे, आणि वॉचमनसमोर मुलीशी बोलण्याजोगं परागजवळ फक्त हवामान होतं.

रुजुताने आईला बजावलं. “येत्या रविवारी चार वाजता मला पप्पांशी एकट्यांशी बोलायचंय. पूर्ण दिसले पाहिजेत. ते नको म्हणाले तर मी जहाजात चढणार नाही. जा म्हणाले तर आनंदाने जाईन. पण काहीच न म्हणता नुसते बघत बसले ना, तर ते तोंड मला चौदा महिने तिथल्या अंधारात दिसत राहील.”

“दादा, येत्या रविवारी टीव्ही बंद ठेवाल?” परागने विचारलं.

“नातीसाठी? अरे, कायमचा बंद करतो,” दादा म्हणाले आणि प्रयोग म्हणून तिथेच बंद केला. पण टीव्ही बंद झाला म्हणून छातीतली धडधड बंद झाली नाही. उलट मॅच अर्धवट राहिल्याने ती वाढली, आणि जिव्हाळ्याने माणुसकीच्या भावनेने दादांचे बावन्न राखून ठेवले, त्यांचा जीव केव्हा कशात अडकेल सांगता येत नाही म्हणून.

त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांच्या फोनवर ‘कौटुंबिक जिव्हाळा अहवाल’ आला. तो न मागता येई. सुवर्णाने तो भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचला.

“‘सुवर्णा खोलीत आल्यावर पराग यांच्या ठोक्यांत बदल: शून्य.’ अकरा वेळा आले मी. अकरा वेळा शून्य.”

“मशीन आहे ते.”

“‘दूध उतू गेले तेव्हा: अधिक चार.’” तिने मेथीची जुडी खाली ठेवली. “म्हणजे मी दुधाच्या खाली.”

“दूध अचानक उतू गेलं. तू काय, येतच असतेस.”

हे समजावणीचं वाक्य होतं. त्यानंतर दोन दिवस घरात मेथीचीच भाजी झाली.

परागने मग हा प्रश्न व्हॉल्व्ह तपासतात तसा हाती घेतला. नाडी वाढवायची. तो तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिना चढला, नाडी सत्तर. दोन कप कडक कॉफी प्यायला; अडुसष्ट. बातम्यांच्या चॅनेलवरची चर्चा बघितली, ज्यात सात माणसं एकाच वेळी ओरडत होती; त्याला झोप लागली. खालच्या मजल्यावरच्या भामरे वहिनींनी दोरीच्या उड्या सुचवल्या. नातवाच्या ऑनलाइन परीक्षेआधी नेट मिळावं म्हणून त्या त्याच्याकडून तशा मारून घेत. जिव्हाळा घरोघरी आल्यापासून सोसायटीत सगळेच नाडीसाठी काही ना काही करत. परागने उड्या मारल्या. वरचा आकडा चौऱ्याहत्तर. फोनवर ओळ आली, ‘पराग यांना घाई नाही.’

मंगळवारी सकाळी चहाबरोबर तो नेहमीची गोळी घेत होता आणि हात थांबला. सहा वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी दिलेली ती छोटी गुलाबी गोळी. ‘हिने नाडी वाढत नाही, हृदयाला आराम मिळतो,’ डॉक्टर म्हणाले होते, आणि वर असंही म्हणाले होते, की ही कधीही एकदम बंद करू नका, उलटून येईल.

त्याने त्या दिवशीची घेतली. बुधवारची शर्टाच्या खिशात टाकली.

गुरुवारी त्याला लिफ्टची वाट बघताना राग आला. शुक्रवारी संध्याकाळी गॅलरीत नुसता उभा असताना कानात ठोके ऐकू येऊ लागले. फोनवर ओळ आली, ‘पराग यांना प्राधान्य दिले आहे. बासष्ट.’ आयुष्यात पहिल्यांदाच त्याला प्राधान्य मिळालं होतं. कानातले ठोके थांबेनात, पण स्पीड चांगला होता. पलीकडे हॉलमध्ये दादांचा बॅट्समन चौकोनी झाला आणि दादांनी टीव्हीला थापट मारली.

रविवारी सकाळी अहवाल आला: ‘अभिनंदन! पराग यांच्या भावविश्वात लक्षणीय हालचाल.’

“कसली हालचाल?” सुवर्णाने विचारलं.

“काही नाही.”

“मी खोलीत आले तर शून्य. आणि शुक्रवारी गॅलरीत एकटे उभे होतात तर एकशे चार. गॅलरीतून काय दिसतं?”

“पार्किंग.”

“पार्किंगमध्ये कोण होतं?”

“सुवर्णा, मी चोपन्न वर्षांचा आहे.”

“म्हणूनच विचारतेय!”

“गाडी घासली का कुणी?” दादा हॉलमधून ओरडले.

चार वाजता पराग आतल्या खोलीत गेला, दार लावलं, खुर्ची सरळ केली. कॉल लागला आणि पलंगाच्या कडेला रुजुता येऊन बसली. इतकी स्पष्ट, की तिच्या स्वेटरच्या बाहीचा निघालेला धागा दिसत होता. तो ओढावासा वाटला त्याला.

“पप्पा! किती नीट दिसताय आज. पण लाल का झालाय?”

“उकडतंय.” मग तो म्हणाला, “तू विचारलं होतंस ना, की—”

दार उघडलं. सुवर्णा दारात उभी होती. तिच्या एका हातात धुवायला काढलेला शर्ट होता आणि दुसऱ्या तळहातावर पाच गुलाबी गोळ्या.

“हे काय आहे?”

“मला एकट्याला बोलायचं होतं.”

“अहो, हे काय आहे विचारतेय मी! बुधवारपासूनच्या आहेत या. मरायचंय तुम्हाला? मला वाटलं पार्किंगमध्ये कुणी बाई आहे. त्यापेक्षा बाई परवडली असती!”

“हळू बोल. चालू आहे.”

“चालू असू दे! तिलाही कळू दे बाप काय करतोय!”

“नेटसाठी केलं,” पराग म्हणाला.

“काय?”

“गोळीने नाडी वाढत नाही. नाडी वाढली नाही तर नेट मिळत नाही. मला चार मिळतात. चारमध्ये मी दिसत नाही.” एवढं एका दमात बोलायची सवय नसल्याने त्याला धाप लागली. राउटरने ती लगेच टिपली आणि रुजुताच्या पापण्यांचे केससुद्धा दिसू लागले. त्या ओल्या होत्या.

“पप्पा,” ती म्हणाली, “माझ्याशी बोलायला गोळ्या बंद केल्यात?”

“बंद म्हणजे, चाचणी म्हणून.”

“आत्ता घ्या. माझ्यासमोर.”

“घेतली की तू जाशील.”

“किती वेळात?”

“तासाभरात चढते.”

रुजुताने नाक पुसलं. “मग तासभर बोला. मम्मी, पाणी दे त्यांना.”

सुवर्णाने पाणी दिलं, गोळी घशाखाली उतरली याची जीभ बाहेर काढायला लावून खात्री केली, डॉक्टरांना फोन लावण्यासाठी गेटकडे निघाली, आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

पराग तासभर बोलला. एवढं तो लग्नातही बोलला नव्हता. रुजुता सहा वर्षांची असताना तो तिला कारखान्याजवळच्या बर्फाच्या फॅक्टरीत घेऊन गेला होता. लादी बघून तिने विचारलं होतं, बर्फ कडेला काचेसारखा आणि मध्येच पांढरा का असतो?

“परवा वाचलं मी,” पराग म्हणाला. “आत हवा अडकते. पाणी बाहेरून आत गोठत जातं, हवेला जायला जागा उरत नाही. ती मध्ये गोळा होऊन बसते.”

रुजुता हसली. “पप्पा, मी तेच बघायला चाललेय. तिथल्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकलीय. खोलवरचा बर्फ काढायचा आणि बुडबुडे तपासायचे.”

“म्हणजे व्हॉल्व्हसारखंच. आत काय दाब आहे ते बघायचं.”

“अगदी तसंच.”

त्याला बरं वाटलं. मग व्हॉल्व्हबद्दल बोलला. आई घरी नसताना तिची वेणी घालायला जमलं नव्हतं त्याबद्दल बोलला. मुख्य उत्तर तो मागे ठेवत होता, कारण ते दिलं की बोलणं संपणार होतं. गोळी मात्र कुणासाठी थांबत नाही. आधी बाहीचा धागा गेला. मग बोटं एकमेकांत मिसळली. कानातले ठोके दूर गेले, छातीवरचा भार उतरला, आणि समोर मुलगी चौकोनाचौकोनांनी विरळ होऊ लागली. त्याला आता छान शांत वाटत होतं, आणि तीच अडचण होती.

“पप्पा, आवाज तुट... चालेल ना मग?”

“चालेल. जा. कान झाकत जा,” पराग म्हणाला.

रुजुता अर्ध्या चेहऱ्यानिशी पलंगाच्या कडेला तशीच राहिली. हसत होती की काही विचारत होती, ते चौकोनांतून कळत नव्हतं. मग ती विझली. तो रिकाम्या पलंगाकडे बघत राहिला आणि फोनवर ओळ आली, ‘पराग यांना घाई नाही.’

सोमवारी दुपारी, जहाज सुटायच्या आधी, तिचा मेसेज आला: ‘कान झाकलेत. पोचलं. आणि हे मम्मीचं वाक्य नाही, मम्मी स्वेटर म्हणाली असती.’ परागने तो कारखान्यात, तपासणीच्या टेबलापाशी उभा राहून वाचला आणि पुढच्या तीन व्हॉल्व्हना जरा सढळ हाताने पास केलं.

पुढच्या अहवालात रविवारचा आकडा होता. सुवर्णाने तो निवांत वाचला. “‘सुवर्णा खोलीत आल्यावर: अधिक एकतीस.’ दूध किती होतं हो?”

“चार.”

“हं,” ती म्हणाली आणि डाळीला फोडणी दिली. मग म्हणाली, “तरी हे यंत्र मला घरात नको. परत देऊन टाका.”

परत द्यायचं तर खोक्यासकट द्यावं लागतं. पराग स्टुलावर चढला, दादांनी स्टूल धरलं. माळ्यावरून खोकं खाली आलं. आत थर्माकोल होता, माहितीचा कागद होता आणि बंद पिशवीत नवी वायर होती. देण्याआधी एकदा लावून बघू, म्हणून परागने जुनी काढून ती लावली.

स्पीड नऊशे एक्केचाळीस आला. पाठोपाठ फोनवर ओळ: ‘सर्वांना पुरेसे आहे. आता कोणाचीही नाडी पाहण्याची गरज नाही.’ हॉलमध्ये दादांचा बॅट्समन, आतल्या खोलीत सुवर्णाचा ओरडणारा ग्राहक आणि परागच्या हातातला मोबाईल, तिघेही एकदम लख्ख झाले. रुजुताचं जहाज तेव्हा समुद्रात तीन दिवस आत होतं.

दादांनी जुनी वायर बोटांवर गुंडाळली, तिला रबर लावलं आणि डब्यात टाकण्याआधी चष्मा वर करून तिच्यावरचं बारीक छापील वाचलं. ती शंभर स्पीडचीच होती.